मागच्या खोलीचा हक्क

मी, खाली सही करणारी, चष्मेवाल्यांची विधवा, मॅट्रिक पास, घर सांभाळणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, तिच्यासाठी उद्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचे आहे. पण झडपेचा आणि बुद्धीचा काही संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर टाइप करून दिले आहेत. इथे मी घरात म्हणते तसे लिहिते.

वकीलबाईंच्या नमुन्यात यापुढे वाक्य आहे, की 'हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही.' खोटे मी लिहिणार नाही. दबाव आहे. तो सकाळपासून बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसला आहे आणि तो माझा एकुलता एक मुलगा आहे. मी आतून कडी लावली आहे. पण जे लिहिते आहे ते त्याच्या दबावाने लिहीत नाही, दबाव असतानाही लिहिते आहे. हा फरक कोर्टाने ध्यानात घ्यावा.

कलम पहिले. माझा आत्मा प्रभू येशू ख्रिस्ताने आपले रक्त देऊन विकत घेतलेला आहे. ती मालमत्ता माझ्या नावावर नसल्यामुळे तिची वाटणी करण्याचा मला अधिकार नाही.

कलम दुसरे. शरीर. उद्याचे काही बरेवाईट झाले तर पेटी साध्या लाकडाची करावी. तिला पितळी कड्या लावू नयेत. कड्यांना धरून कोणी वर जात नाही. नवी साडी घेऊ नये. निळी साडी इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. तिच्या काठाला एका ठिकाणी रफू आहे, ती बाजू खाली घ्यावी. फुलांना लागणारे पैसे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या ज्या घरी चूल अडली असेल तिथे द्यावेत, आणि दिल्याचे जाहीर करू नये.

माझ्या अंत्यविधीला कोणीही उभे राहून 'आमची ही भगिनी विजयी जीवन जगली' असे सांगू नये. का, ते पुढे येईलच.

कलम तिसरे. घर. हे राहते घर, म्हणजे बाहेरची खोली, स्वयंपाकघर, वरची एक खोली, मागची खोली आणि पाण्याची टाकी, माझ्या नावावर आहे. यजमानांनी दुकान काढले तेव्हाच घर माझ्या नावावर केले. म्हणाले होते, "माझी नजर काचेवर असते, तुझी माणसांवर. घर तूच राख." हे घर मी माझ्या सुनेला देते. तिच्यामागे ते माझ्या नातीचे.

माझ्या मुलाला मी या घरातल्या मागच्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क देते. तो हक्क त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही, त्याची बायकोसुद्धा. मात्र ती खोली त्याला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, कोणाला भाड्याने देता येणार नाही.

(एवढे लिहिते तोच दार वाजले. झाले ते इथेच लिहून ठेवते, कारण उद्या कोणी म्हणेल की म्हातारीने चोरून लिहिले.

"आई, घराचं लिहिलंस?"

"लिहिलं."

"कुणाला?"

"बायकोला तुझ्या."

मग दारावर तळहाताचा एक दणका. मांडणीवरची झाकणे वाजली. "मी काय वाऱ्यावर पडलोय? पोटचा पोरगा बाहेर नि परक्याची पोर आत?"

"तुलाही दिलंय. मागची खोली."

"मागची खोली! कुत्र्यालासुद्धा मागचीच देतात!"

खुर्ची करकरली. म्हणजे तो परत बसला. मीही बसले.)

आता कोर्टाला प्रश्न पडेल की आई अशी कशी. म्हणून सांगते.

यजमान गेल्यावर मुलगा पिऊ लागला. आधी बाहेर पिऊन यायचा, मग घरात प्यायला लागला. घरातल्या वस्तू फुटल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकदा त्याने सुनेला जिन्यावर ढकलले आणि तिच्या मनगटाला टाके पडले. नात तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. त्यानंतर तो आपल्या पायांनी मंडळीच्या प्रार्थनामेळाव्याला गेला, गुडघ्यांवर पडला, रडला, आणि दारू सोडली. खरीच सोडली. त्याचे ते रडणे खोटे होते असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

पण आमच्या मंडळीत एक पद्धत आहे. कोणाला प्रभूने सोडवले की त्याला उभे करून साक्ष द्यायला, म्हणजे आपण कसे सुटलो ते सगळ्यांपुढे सांगायला लावतात. पद्धत वाईट नाही. घाई वाईट. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वडीलजनांपैकी एक आहेत, ज्यांना सगळी मुले मागून हालेलुया काका म्हणतात, कारण कोणी नुसते शिंकले तरी ते हालेलुया म्हणतात. माणूस मनाचा वाईट नाही. त्यांनी माझ्या मुलाला, अजून त्याच्या तोंडाची चव पुरती बदललीही नव्हती, तोच मंचावर चढवले. त्याच्या फोटोचा फलक केला, खाली मोठ्या अक्षरांत 'विजयी तरुण'. मग या मंडळीतून त्या मंडळीत. रविवारी इथे, बुधवारी तिथे. टाळ्या. ज्याला अजून चालता येत नव्हते त्याला त्यांनी धावायच्या शर्यतीचे बक्षीस देऊन टाकले.

आणि मग एक गंमत झाली, रडू यावे अशी. त्याला कोणी विचारीनासे झाले, "आज कसा आहेस?" फलकावरच्या माणसाला कसे विचारणार? विचारले तर आपला विश्वास कमी दिसतो. तोही सांगू शकत नव्हता, की काका, आज फार तलफ आली आहे, दोन तास माझ्याजवळ बसा. ज्या दिवशी तो पुन्हा प्याला, त्याच संध्याकाळी लवंग चघळत मंचावर गेला आणि विजयाची साक्ष देऊन आला. टाळ्या वाजत होत्या, आणि आम्ही दोघी सासूसुना खाली मान घालून बसलो होतो.

शेवटी कोणाला तरी वास आला. फलक उतरवला गेला. हालेलुया काकांनी सभेत सांगितले, की अमुक एकाने सैतानाला जागा दिली आहे, आपण सावध राहू या. 'अमुक एक' तिसऱ्या बाकावर बसला होता. त्यानंतर तो प्रार्थनामंदिरात आला नाही.

आता त्याला हे घर विकून दुसऱ्या गावी जायचे आहे. "इथे प्रत्येक जण मला त्या फलकावरून ओळखतो," म्हणतो. त्याचे दुःख मला कळते. पण दुःख कळले म्हणून सुनेच्या नि नातीच्या डोक्यावरचे छप्पर त्याच्या हातात देता येत नाही. छप्पर विकले की पैसा कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक आहे, मलाही.

मागच्या आठवड्यात त्याने घराचे कागद मागितले. मी नाही म्हणाले. त्याने खुर्ची उचलली, डोक्याच्या वर. आणि मी जागची हलले नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. माझी ताकद मला चांगली ठाऊक आहे. लोणच्याच्या बरणीचे झाकण निघत नाही म्हणून सुनेला हाक मारणारी बाई मी. आजवर तो ओरडला की मी किल्ल्या काढून दिल्या, गप्प बसले, शेजारी विचारले तर "भांडे पडले" म्हणाले. त्या दिवशी मात्र तोंडातून 'नाही' निघाले, ओरडून नाही, रोजच्या आवाजात. आत कोणीतरी माझा हात धरून उभे होते. ज्याने वधस्तंभावर सगळे सोसले त्याचे बळ त्याच्या माणसांना मिळते, हे मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. पण पाठ असणे वेगळे, आणि डोक्यावर खुर्ची असताना ते खरे निघणे वेगळे.

त्याने खुर्ची खाली ठेवली. मग, आता काय करावे ते न कळून, तिच्यावरच बसला. मी त्याला पाणी दिले.

मला विजय म्हणतात तो एवढाच माहीत आहे. त्याचा फलक करता येत नाही.

कलम चौथे. चष्म्याचे दुकान भाड्याचे आहे, पण आतले सामान आमचे. काच घासायचे यंत्र, नंबर तपासायच्या भिंगांची पेटी, बारीक पेचकसांचा संच, चिमटे आणि फ्रेमी हे सर्व सुनेला. तिने हे काम सासऱ्यांच्या हाताखाली बसून शिकले आहे आणि आज दुकान तीच चालवते. नात्यातल्या ज्यांना 'बाईच्या जातीला हे काम शोभत नाही' असे वाटते, त्यांनी आपले चष्मे दुसरीकडे करावेत. इथे ते फुकट मिळत होते, हे मग त्यांच्या लक्षात येईल.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. ती काय शिकेल ते तिने ठरवावे. माझी एवढीच अट आहे, की मॅट्रिकला थांबू नये. माझ्या वेळी थांबवणारे पुष्कळ होते, नातीच्या वेळी मी कोणालाही तो अधिकार देत नाही. माझ्या घरखर्चाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत साखर, साबण आणि रॉकेलशिवाय काही नाही, उगाच कोणी चाळत बसू नये.

कलम सहावे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आमच्या लग्नानंतर मोठे पातेले 'दोन दिवसांसाठी' नेले. ते परत मागू नये. त्याविषयीचा राग मी अनेक वेळा प्रभूच्या पायांशी ठेवला आणि अनेक वेळा परत उचलून घरी आणला. आज तो कायमचा ठेवते. पातेले त्यांचे. झाकण मात्र आमच्याकडेच आहे, तेही त्यांना देऊन टाकावे. नुसते पातेले काय कामाचे.

कलम सातवे. मंडळीला मी माझी शिलाईची पेटी आणि पंखा देते. पंखा बाकांच्या मागच्या बाजूला लावावा, तिथे म्हाताऱ्या बसतात. त्याबरोबर एक विनंती. माझा मुलगा परत आला तर त्याला मंचावर बोलावू नये. त्याने मागितले तरी लगेच देऊ नये. त्याच्याशेजारी बसावे. एवढेच करावे. हालेलुया काकांना मी क्षमा केली आहे. क्षमा केली म्हणजे त्यांची चूक नव्हती असे नाही.

(मृत्युपत्र इथे संपायचे होते. ठरल्याप्रमाणे दोन साक्षीदार येणार होते: समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी आळी 'बाई' म्हणते, आणि दुसरे स्वतः हालेलुया काका. काय झाले ते लिहिणे भाग आहे.)

बाई वेळेवर आल्या. बाहेरच्या खोलीत मुलगा बसलेला पाहून त्याला म्हणाल्या, "पाय आत घे, मला जायचंय." त्याने पाय आत घेतले. शाळेत तो त्यांच्याच हाताखाली होता.

काकाही आले. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, हे बाईंनी त्यांना सांगितले. पण ते म्हणाले, "वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही." वाचू लागले. सातव्या कलमापाशी त्यांनी चष्मा काढला. तोही आमच्याच दुकानातला.

"वहिनी, हे माझ्याविरुद्ध आहे."

"क्षमेचं लिहिलंय ना, काका."

"क्षमेच्या आधीचंही लिहिलंय! उद्या कोर्टात हे वाचतील. माझ्याच बदनामीवर मीच सही करू?"

"मग करू नका."

"माझ्या चुकीचं वाक्य खोडा, करतो."

सुटायला सोपा रस्ता होता. एक रेघ मारायची. घर वाचत होते, सून वाचत होती, उद्या मी निश्चिंत शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपले असते. पेन हातातच होते. पण ते वाक्य खोडले असते तर माझा मुलगा पुन्हा 'अमुक एक' झाला असता. मी म्हणाले, "नाही खोडत." काका उठले आणि गेले. आज त्यांच्या तोंडून हालेलुया आले नाही.

मग बाई आळीत गेल्या, दारोदार. एकाला ताप होता, एकाचे पाहुणे आले होते. एकीने खरे सांगितले, "बाई, तो बाहेर बसलाय ना. आम्हाला इथे राहायचंय." बाई एकट्या परत आल्या. एका साक्षीदाराचे मृत्युपत्र म्हणजे नुसता कागद. उद्या मी नसले, तर कायद्याने मुलगा वारस, आणि सुनेला पुन्हा त्याच जिन्याखाली उभे राहायचे.

दुकान बंद करून सूनही आली होती. आता कडी लावण्यात अर्थ नव्हता. दार उघडेच होते. आम्ही तिघी टेबलाभोवती बसलो होतो. मी मनात प्रार्थना करत होते आणि तिच्यात शब्द नव्हते, नुसते 'प्रभू, प्रभू'.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. मी कागद छातीशी धरला. सून उठून माझ्यापुढे झाली.

तो म्हणाला, "मी करतो सही."

बाई म्हणाल्या, "तुला चालणार नाही."

"का? मी माणूस नाही?"

"माणूस आहेस, म्हणून सांगते. नीट ऐक. साक्षीदार झालास तर साक्ष कायद्याने चालते, पण या कागदात तुला नि तुझ्या बायकोला जे दिलंय ते रद्द होतं; तिचं मुलीच्या नावावर करता येईल, तुझं नाही. मागची खोली जाईल. तुझ्या हक्काची म्हणून या घरात एक वीटही उरणार नाही."

"मग मी राहायचं कुठे, हे कोण ठरवणार?"

"घर जिच्या ताब्यात, ती."

त्याने बायकोकडे पाहिले. मी पुष्कळ दिवसांनी त्याला तिच्याकडे असे, विचारल्यासारखे पाहताना पाहिले.

"ठेवशील?" त्याने विचारले.

मला वाटले, आता सून दयेने हो म्हणेल. ती म्हणाली, "दार उघडायचं की नाही, ते रोजच्या रोज ठरवीन. पिऊन आलात तर नाही उघडणार. आईंची आण घातलीत तरी नाही."

"आणि नसलो प्यायलेला, तर?"

"तर उघडीन. ताट वाढीन. बाकीचं मला आज विचारू नका."

"बरं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "त्या काकाला वाक्य खोडून का नाही दिलंस? खोडलं असतंस तर मघाशीच सुटली असतीस."

"तुझ्याबद्दलचं होतं ते."

तो खिशात हात घालून उभा राहिला. हात बाहेर काढले तेव्हा ते थरथरत होते. आज त्याने सकाळपासून घेतलेली नव्हती. घेतली की त्याचा हात एकदम स्थिर होतो, फ्रेमीचा स्क्रू एका दमात बसवतो. नसली की असा. तो सकाळपासून त्या खुर्चीवर काय करत बसला होता, ते मला तेव्हा कळले. मी दिवसभर समजत होते, की तो माझ्यावर पहारा करतो आहे.

कलम आठवे आणि शेवटचे. माझा मुलगा आपण होऊन दुसरा साक्षीदार होत आहे. साक्षीदाराच्या बायकोला दिलेलेही कायद्याने टिकत नाही, म्हणून कलम तीन व चारमधले घर आणि सामान मी नातीला देते; ती सज्ञान होईपर्यंत ते सुनेच्या ताब्यात राहील. साक्षीदार झाल्यामुळे कलम तीनमधला मागच्या खोलीचा त्याचा हक्क रद्द होईल, हे त्याला माझ्यासमोर समजावून सांगितले आहे आणि त्याला ते कळले आहे. तो हक्क मी त्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने परत देत नाही. द्यावासा वाटतो आहे, हात तिकडेच जातो आहे, तरी देत नाही. त्याने जे आपल्या हाताने सोडले ते मी मागून त्याच्या खिशात घातले तर ते त्याचे राहणार नाही.

आजची ही गोष्ट कोणीही मंडळीत सांगू नये. उद्या तो प्यायला तरी आजची सही खरीच राहील, आणि नाही प्यायला तरी टाळ्या नकोत. त्याच्या उद्याचा जामीन मी नाही. ज्याने मला खुर्चीखाली उभे केले तो त्यालाही उभे करण्यास समर्थ आहे, एवढे मी जाणते, आणि एवढ्यावरच उद्या सकाळी पिशवी घेऊन निघते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून पुरे करते.

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर, दार उघडे.
तारीख: दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवसाची, वर शिक्क्याजवळ घातली आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिली, समोरच्या घरातील निवृत्त मुख्याध्यापिका: (सही)
मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. दुसऱ्या साक्षीदाराचे अक्षर हलले आहे. त्याने पेन दोन्ही हातांनी धरले होते. मदत करू का विचारले, नको म्हणाला. ही सही त्याचीच आहे, शंका घेऊ नये.

साक्षीदार दुसरा, मुलगा: (सही)
आईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. आज मीही आहे.